रामेश्वरला न गेलेली तार

लोक तारेला भ्यायचे आणि आम्हा तारबाबूंना नमस्कार करायचे. दोन्हीचं कारण एकच होतं. पोस्टमन महिन्यातून दहादा दाराशी येतो, त्याच्याकडे कोणी दचकून पाहत नाही. पण तारवाला शिपाई गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरला की दहा घरांतल्या बायका पदर सावरत उंबऱ्यात येत, आणि तो ज्या घरी थांबे ते सोडून बाकीची नऊ घरं हुश्श करत. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका म्हातारीने तर आमच्या शिपायाला, रहीमभाईला, दारातच अडवलं. "म्या घरी नाही म्हनून लिव्ह, अन् वापस घेऊन जाय!" तिच्या लेकीला जुळं झालं होतं, त्याची तार होती. रहीमभाईने ती अंगणातूनच ओरडून वाचली, तेव्हा कुठे म्हातारी 'घरी' आली.

दिवाळी अंकासाठी तार ऑफिसातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. गमती होत्या, नाही असं नाही. आणखी एक सांगतो आणि मग जे सांगायचं आहे तिकडे वळतो. ती गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी रागावायला नको.

मी नोकरीला लागलो अकोल्याला, पन्नास सालानंतर थोड्याच दिवसांनी. अकोला म्हणजे कापसाचा बाजार. तिथले व्यापारी भाव उघड लिहून पाठवत नसत, घरगुती भाषेत पाठवत. एका शेटजींच्या तारांमध्ये त्यांची आजी कायम असायची. आजी बरी आहे म्हणजे भाव चढला, आजीला ताप म्हणजे उतरला. तीन वर्षं मी त्या आजीची प्रकृती मुंबईला कळवत होतो. एक दिवस खरंच त्यांची आजी वारली. शेटजींनी तशी तार केली आणि मुंबईच्या भागीदाराने घाबरून दुपारच्या आत गोदामातला सगळा माल विकून टाकला. शेटजी आठवडाभर आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसून होते. ते आजीसाठी रडत होते की कापसासाठी, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

हे 'विचारायचं नसतं' म्हणजे आमच्या धंद्याचा पाया. बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर ते एवढंच: खिडकीवर फॉर्म आला की वाचायचा, अक्षर लागलं नाही तर विचारायचं, आणि टेबलावरच्या पितळी कळीवर बोटाने ठोके देत तो मजकूर पुढे नागपूरला पाठवायचा. एक लहान ठोका, एक लांब ठोका, त्यातून सगळी अक्षरं. येणारी तार साउंडर नावाच्या छोट्या यंत्रात वाजायची. आवाज मोठा यावा म्हणून त्याच्या मागे आम्ही तंबाखूचा रिकामा डबा अडकवून ठेवत असू. सुरुवातीला अक्षरं मोजत ऐकावं लागतं. काही वर्षांनी अक्षरं ऐकू येईनाशी होतात आणि सरळ शब्दच ऐकू येतात, शेजारच्या खोलीत कोणी बोलावं तसे.

नोकरीत शिरताना आम्ही शपथ घ्यायचो की तारेतला मजकूर बाहेर सांगणार नाही. म्हणून इथली नावं मी बदलली आहेत. दुसरी एक गोष्ट शपथेत नव्हती, पण पहिल्याच महिन्यात माझ्या सीनियरने सांगितली होती: गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा नाही. काय लिहावं, पाठवावं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. आपण फक्त तार.

तीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला.

चौसष्ट सालचा डिसेंबर होता. तोवर माझी बदली अमरावतीला झाली होती. रविवारची दुपार, खिडकीवर मी एकटाच. वलगावचा एक तिशीचा शेतकरी आला. डोकं उघडं, पायात काही नाही, धोतराला राख लागलेली. त्याचं नाव वासुदेव. फॉर्म त्याने गावातल्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहून आणला होता: बळीराम आज सकाळी वारला, ताबडतोब निघा. पत्ता रामेश्वरच्या एका उपाध्यायांचा होता, वऱ्हाडातले यात्रेकरू ज्यांच्याकडे उतरत त्यांचा.

"बळीराम तुमचे कोण?" मी विचारलं. इथपर्यंत ठीक होतं. नातं विचारायला हरकत नसते.

"माहा बाप जी. सकाळी गेला. आताच मातीवरून आलो." तो फॉर्म द्यायला हात पुढे करी आणि पुन्हा मागे घेई. "बाबू, एक इचारू? पाठवू का नोको पाठवू?"

मग त्याने सगळं सांगितलं. बळीराम आणि नारायणराव हे दोघे सख्खे भाऊ. बळीराम धाकटा. बायको गेल्यावर तो काशीला जाऊन आला आणि येताना गंगेचा गडू घेऊन आला. हा तांब्याचा गडू काशीलाच डाग देऊन बंद करतात. घरी आणून त्याची पूजा होते, गावजेवण होतं. पण काम तिथे संपत नाही. काशीची गंगा रामेश्वरच्या पिंडीवर घालायची, रामेश्वराजवळच्या सेतूची वाळू परत गंगेला नेऊन वाहायची, तेव्हा यात्रा पुरी होते. देशाच्या एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला आणि त्या टोकाची माती या टोकाला. लंकेच्या लढाईतून परतल्यावर हत्येचं पाप फिटावं म्हणून रामाने तिथे पिंड स्थापन केली, सीतेने ती वाळूची घडवली, असं सांगतात. देवालासुद्धा ज्याच्यापुढे कबुली द्यावी लागली ते हे ठिकाण. म्हणून आपल्याकडचा माणूस रामेश्वरला काही मागायला जातो त्यापेक्षा जास्त, काही फेडायला जातो.

हे सगळं मी ऐकीव सांगतो आहे. माझ्या बापाला गावच्या देवळाची पायरीसुद्धा ठाऊक नव्हती, आणि छप्पन साली आम्ही दीक्षा घेऊन तो विषयच संपवला. पण ज्या घरांत ही श्रद्धा आहे तिथे तिचं वजन काय असतं, हे मला कळत होतं.

गडू दोन वर्षं बळीरामच्या देवघरात होता. रामेश्वरला निघायचं ठरलं आणि त्याने अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. तेव्हा नारायणराव, वासुदेवचे मोठे बाबा, म्हणाले, तुझी गंगा मी तुझ्या नावाने घालतो, तू बरा हो. म्हातारे आणि त्यांची बायको पार्वताबाई गडू घेऊन निघाले. मद्रासहून त्यांचं कार्ड आलं होतं: सोमवारी रामेश्वर, मंगळवारी धनुष्कोडीला सेतूचं स्नान आणि वाळू, मग परत.

"आता आज रविवार," वासुदेव म्हणाला. "तार उद्या भेटन त्यायले. गावातले म्हनतात, ज्याले कळलं त्याले सुतक, नाही कळलं त नाही. मोठ्या बाबाले कळलं त दहा रोज देवळात पाय ठेवता येत नाही. मंग गंगा तशीच राह्यते. माहा बाप मरता मरता इचारत होता, भाऊ पोचला असंन काय गा रामेश्वरले? अन् नाही सांगतलं त मोठा बाबा जलमभर म्हनन, माहा भाऊ मेला अन् तू लपवलं. मले काही सुचून नाही राहिलं. तुमी शिकले-सवरले हा. तुमीच सांगा."

मी गप्प राहायला हवं होतं. फॉर्म ओढून घ्यायचा आणि कळीवर हात ठेवायचा, दोन मिनिटांचं काम.

मला नंतर पुष्कळदा वाटलं की मी दयेपोटी बोललो. पण खरं सांगायचं तर दया अर्धीच होती. उरलेला अर्धा भाग गर्वाचा होता. वलगावचा एक कुणबी शेतकरी सुतकाचा निवाडा मला विचारत होता. माझ्या आजोबांना ज्या माणसाच्या आजोबाने अंगणात उभं केलं नसतं, तो माणूस खिडकीच्या गजांना धरून म्हणत होता, तुम्हीच सांगा. मला ते गोड लागलं. मी खुर्चीत जरा ताठ बसलो आणि शास्त्रीबुवाच्या थाटात म्हणालो, "दोन दिवस थांबा. मंगळवारपर्यंत गंगा घालून होऊ द्या. बुधवारी तार करू. तुमच्या वडलांची इच्छाही तीच होती."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्याने फॉर्मची चार पदरी घडी केली, कनवटीला लावली आणि मला दोनदा हात जोडून गेला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एक चांगलं काम केलं म्हणून.

बुधवारी मी ड्यूटीवर आलो तर साउंडरवर नागपूरचा बाबू बोलत होता. काम कमी असलं की आम्ही कळीवरून एकमेकांशी गप्पा मारत असू. तो म्हणाला, दक्षिणेकडच्या लायनी बंद आहेत, रात्री समुद्रात मोठं वादळ झालं. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, रामेश्वरच्या बाजूला. पांबनच्या पलीकडे काहीच लागत नाही.

मी कळीवरून हात काढून घेतला.

वासुदेव ठरल्याप्रमाणे बुधवारी आला. तोच फॉर्म, घड्यांवर फाटत आलेला. मी सांगितलं की लाइन बंद आहे, वादळ आहे, उद्या बघू. वादळ म्हणजे वारा-पाऊस असेल असं त्याला वाटलं. मी त्याला तसं वाटू दिलं. गुरुवारी पेपरात आलं. धनुष्कोडीवर समुद्र चढला होता. गाव नाहीसं झालं होतं. मंगळवारी रात्री धनुष्कोडीकडे निघालेली प्रवासी गाडी डब्यांसकट पाण्यात गेली होती. पांबनचा पूल मोडला होता आणि रामेश्वर बेट जगापासून तुटलं होतं.

मंगळवारी धनुष्कोडी. कार्डावर तसंच लिहिलेलं होतं.

त्या दिवशी माझ्या हातून दोन तारा चुकल्या. एका लग्नाच्या तारेत मी तारीख गाळली, दुसरीत गाव चुकवलं. डोक्यात एकच हिशेब चालला होता: रविवारी तार गेली असती तर सोमवारी म्हाताऱ्याला मिळाली असती. सोमवारीच तो परतीच्या गाडीत बसला असता. मंगळवारी रात्री तो मदुरेच्याही अलीकडे असता. कसाही मांडला तरी हिशेब तोच येई. त्या बुडालेल्या गाडीतून दोन माणसं मी उतरू दिली नव्हती.

वासुदेव दुपारी आला तो दहा-बारा माणसं घेऊन. त्यांनी पेपर वाचून घेतला होता. कोणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सगळे व्हरांड्यात उकिडवे बसून राहिले आणि साउंडर वाजला की मान वर करून माझ्याकडे बघत. दर वेळी मी मानेने नाही म्हणे. पाच वाजता वासुदेव उठला. "बाबू, त्यायले सांगू नोका, तुमी थांबवलं म्हनून," तो हळूच म्हणाला. "म्या कोनाले सांगतलं नाही. म्या म्हटलं, लाइन बंद होती."

तो मला वाचवत होता. दोन जिवांची धास्ती उरात घेऊन तो माणूस मला वाचवत होता, आणि मला त्याचं बरंही वाटत होतं. लाज वाटली ती त्या बरं वाटण्याची.

घरी गेलो तर बायकोला तोवर सगळं कळलं होतं. ती चुलीपुढून उठलीच नाही. "तुमाले कोनं सांगतला होता हा शायनपना? फारम घ्याचा अन् पाठवाचा. आपन ते देव सोडले, अन् तुमी त्यायचं सुतक सांभाळून राहिले! उद्या लोक काय म्हनतीन, ठाऊक हाय काय? म्हनतीन, बौद्धानं मुद्दाम तार अडवली, आमचे मानसं बुडवले. तुमची एकट्याची गोष्ट नाही राहत मंग. साऱ्या वस्तीले भोगा लागते."

मी म्हणालो, असं कोणी म्हणणार नाही. पण हा विचार दुपारीच माझ्या मनात येऊन गेला होता. तो मी तिच्याकडून ऐकायला तयार नव्हतो, एवढंच.

शुक्रवारी मी सुटी झाल्यावर सायकल काढली आणि वलगावच्या रस्त्याला लागलो. ठरवलं होतं, सगळ्यांसमोर सांगून टाकायचं की तार मी थांबवायला लावली. पेढी नदीच्या पुलावर आलो. पलीकडे गाव दिसत होतं, संध्याकाळचा धूर निघत होता. पुलावर मी एक पाय टेकवून उभा राहिलो. एक बैलगाडी गेली, गाडीवानाने रामराम केला. मग मी सायकल वळवली आणि परत आलो. नोकरीत मी पुष्कळ शाबासक्या मिळवल्या, पण त्या पुलावरून परत फिरलेला माणूसही मीच.

शनिवारी बाराच्या सुमारास नागपूरने अमरावतीला हाक दिली. मी पेन्सिल घेतली. पहिला शब्द मदुरा. मदुरेहून तार. मी लिहू लागलो. पत्ता आला: बळीराम, वलगाव.

मेलेल्या माणसाच्या नावाने तार येत होती. माझे कान अक्षरं ऐकू लागले, नव्या पोरासारखे, एक एक सुटं. शब्द जुळेनात. मी नागपूरला थांबवलं, परत द्यायला सांगितलं. असं मी वर्षानुवर्षांत केलं नव्हतं. त्याने सावकाश परत दिलं.

दोघं सुखरूप. होडीने बेटाबाहेर आलो. गंगा तुझ्या नावाने घातली. तीर्थ घेऊन सोमवारी बडनेऱ्यास येतो. औषध वेळेवर घे. नारायण.

मी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर डोकं टेकून रडलो. हेड तारबाबू आतून आले, पाहिलं आणि तसेच परत गेले.

रहीमभाईने लिफाफा हातात घेतला, नाव वाचलं आणि मला विचारलं, "बाबू, ये तो मय्यत के नाम की तार है. किसके हाथ में दूँ?"

"वासुदेवच्या हातात द्या," मी म्हणालो. "आणि वाचून दाखवा."

रविवारी वासुदेव आला. वलगावात घरोघर आनंद झाला होता, बायका रडल्या आणि हसल्या, सगळं त्याने सांगितलं. पण त्याचा स्वतःचा चेहरा उतरलेला होता. "बाबू, उद्या बडनेऱ्याले तुमी या. मोठ्या बाबाले मले सांगता नाही येणार. थे औषद वेळेवर घे म्हनून राहिले, अन् मी कसं सांगू?" मग तो म्हणाला, "सल्ला तुमचा होता जी." हे त्याने रागाने म्हटलं नाही. हक्काने म्हटलं, आणि तो हक्क त्याचा होताच.

आमच्या धंद्याचं एक सुख असं, की तार ज्याच्या हाती पडते त्याचं तोंड आम्हाला बघावं लागत नाही. ते रहीमभाईचं काम. आम्ही ठोके देऊन मोकळे. सोमवारी दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर वर्ध्याकडून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत उभा होतो तेव्हा कळलं, की रहीमभाई इतकी वर्षं काय करत होता.

वासुदेव पाण्याच्या नळाआड उभा राहिला. नऊ दिवसांची दाढी वाढलेली, पाय उघडे. त्याला पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला सांगायची गरजच पडली नसती. मी डब्याकडे गेलो. नारायणराव आधी उतरले. सडसडीत, कपाळाला भस्म, दोन्ही हातांत छातीशी धरलेला तांब्याचा गडू, त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मागून पार्वताबाई बोचकं घेऊन.

"नारायणराव?"

"हो जी. तुमी कोन?"

"अमरावतीच्या तार ऑफिसातला."

त्यांचा चेहरा फुलला. "भेटली काय आमची तार? बळीरामले? काय म्हने तो?"

मी दिवसभर वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. "नारायणराव, बळीराम गेले."

"कुठं?" त्यांनी विचारलं.

विचारता विचारताच त्यांच्या डोळ्यांतलं हसू जागच्या जागी थांबलं. "कवा?"

"मागच्या रविवारी. सकाळी. वासुदेव त्याच दिवशी तार करायला आला होता. मी त्याला थांबायला सांगितलं. तुमची गंगा राहू नये म्हणून. त्याचा दोष नाही, माझा आहे."

म्हातारा गडू एका हाताने कवळून दुसऱ्या हाताच्या पेरांवर दिवस मोजू लागला. रवि, सोम, मंगळ. मंगळवारवर अंगठा थांबला. त्या मंगळवारी सकाळी वासुदेव इकडे नदीकाठी बापाची राख सावडत होता.

"मंगळवारी देवळात गर्दी लय होती, सांज झाली," नारायणराव म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "म्हनून धनुष्कोडीले दुसऱ्या दिशी जाऊ म्हटलं. गुरुजीनं इचारलं, कोनाच्या नावानं घालता? म्या म्हटलं, भावाच्या. थे म्हने, हयात हाये का गेले? म्या म्हटलं, हयात हाये महाराज, बिमार हाये, शंभर वर्सं जगवा त्याले. असं म्हनून घातली म्या गंगा."

"अवो," पार्वताबाई पुढे झाल्या. त्या रडत होत्या, पण आवाज ठाम होता. "सुतक असतं त आपन देवळात गेलो असतो काय? त्या राती आपन आरतीले थांबलो, अन् वारा सुटला म्हनून त्या लांबच लांब ओसरीत शेकडो मानसं बसून राहिलो. पानी देवळाच्या दारापावतर आलं. भायेर धरमशाळेचं छप्पर उडालं. आपन गाडीची वाट पाहत भायेर असतो त वाचलो असतो काय? या बाबूनं वाचवलं आपल्याले."

हे मला सुचलंच नव्हतं. आठवडाभर मी एकच हिशेब मांडत होतो, आणि तो त्या बाईने उलटा करून ठेवला. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी हात जोडून उभा राहिलो, शाबासकीची वाट बघत.

नारायणरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मी झेलला असता.

"वाचलो, खरं हाय," ते म्हणाले. "पन बाबू, आठ दिस तुमी माह्या भावाले मरू देलं नाही."

देवापुढे खोटं बोलायला लावलं म्हणून ते भांडले असते, तर मी म्हटलं असतं, तुम्हाला कुठे ठाऊक होतं. पण हे दुसरंच होतं. भाऊ गेल्यावर भावाने ज्या दिवशी रडायचं, तो दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि तो परत देता येणार नव्हता.

वासुदेव नळाआडून बाहेर आला. नारायणरावांनी त्याला बघितलं मात्र, त्यांनी चटकन वाकून गडू फलाटावर खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. गडूत रामेश्वरच्या देवळातल्या बावीस कुंडांचं तीर्थ होतं, बळीरामच्या तोंडात घालायला आणलेलं. आता कळलं होतं. आता सुतक सुरू झालं होतं, त्यांना आणि पार्वताबाईंनाही. वासुदेवाला तर ते होतंच, दहावं उद्या होतं. तिघंही उभे राहिले आणि गडू मधे. लोक त्याला वळसा घालून जात होते, हमालाचा पाय लागता लागता राहिला.

"बाबू, तुमी उचला," नारायणराव म्हणाले.

"मी बौद्ध आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. कदाचित माणसाला जे कळायचं ते आधी कळायला हवं, नंतर नको, एवढंच मला त्या आठवड्यात शिकायला मिळालं होतं.

"म्या तुमाले थे काहून इचारू? तुमाले सुतक हाये काय?"

"नाही."

"मंग उचला. त्याच्या आस्थीवर घालतो परवा, सुतक फिटल्यावर. तेवढं त पोचवा."

मी वाकलो आणि गडू दोन्ही हातांनी उचलला. फडकं गार होतं. वासुदेवाने बाहेर बैलगाडी उभी केली होती. पुढे तो, मागे ती दोघं एकमेकांना धरून बसलेली, आता मोकळेपणी रडणारी, आणि कडेला मी, मांडीवर गडू घेऊन. रस्ता खडबडीत होता. बडनेऱ्यापासून वलगावपर्यंत दर खड्ड्याला मी गडू वर उचलून धरत होतो, आणि एक थेंबही सांडू नये, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं.